कठड्यातली वाट

जे मोजलं ते नकाशात काढायचंच — हा आमच्या वास्तुकलेच्या शाळेतला पहिला नियम, खाला, आणि तो का, असं कुणी विचारायचं नाही. बाकी काहीही विचारा — घुमट का खचतो विचारा, भिंत का फुगते विचारा — पण हे नाही. मोजून आणलेली भिंत म्हणे आपली नसते, शाळेची असते. तुम्ही बसा ना, उभ्या का? ती मिठाईची परात ठेवा इथे बाकावर, तुमच्या अनसच्या प्रबंधाची परीक्षा माझ्यानंतर आहे, आणि माझं काही इतक्यात उरकत नाही. मला बाहेर काढलंय. इतिमाद, जरा बाहेर थांब, आम्ही विचार करतो, म्हणाले — विचार कसला, चहा पितायत तिघं परीक्षक, काचेतून दिसतायत की. नको, बदामाचं काही नको.

माझा विषय ना? इथल्या, फेझच्या जुन्या शहरातल्या गच्च्या. उस्ताद लहलूंनीच दिला, माझे मार्गदर्शक — ते मधले, चष्मा कपाळावर ढकललेले. त्यांना स्वतःला वर जाता येत नाही, कुठल्या पुरुषाला येतं? गच्च्या बायकांच्या. टीव्हीची तबकडी फिरवायला घरचा मुलगा चढला तरी जिन्यातून हाका देत चढतो, शेजारणी आत जाईपर्यंत पायरीवर थांबतो. म्हणून मला म्हणाले, तू जा, तुला वर घेतील. घेतलं की! सगळा उन्हाळा मी फीत घेऊन ओल्या चादरींखालून वाकत हिंडले, त्या बायकांनी मला जेवू घातलं, सुनांची गाऱ्हाणी ऐकवली, माझं लग्न तर चारदा ठरवलं — आणि वाटही दाखवली. कुठली म्हणजे? तुम्ही फेझच्या नाही का? — हसताय म्हणजे आहात. तीच. दोन गच्च्यांमधल्या उंच कठड्यात, कोपऱ्याला, एक बाई अंग चोरून पलीकडे जाईल एवढी, आणि तिच्यावर गालिचा वाळत टाकलेला. खालच्या पुरुषांना काय वाटतं? गालिचा वाळतोय. वर्षानुवर्षं तोच गालिचा, कधी वाळतच नाही, आणि एकाच्याही डोक्यात येत नाही.

हसू नका, माझ्या पदवीवर बेतलंय. उस्तादांच्या डाव्या हाताला जे टाय लावलेले बसलेत ना, ते नगराच्या दुरुस्ती कार्यालयाचे. शाळेचे नकाशे त्यांच्याकडे जातात, आणि भिंतीत फट दिसली की त्यांच्या लेखी ती पडझड — विटा, चुना, बुजवली. म्हणजे बुजवण्याआधी घरमालकाला बोलावून बोट ठेवून दाखवणार, बघा, इथे भोक आहे. त्या नवऱ्यांना! म्हणून मी काढलीच नाही. कठडा सलग काढला, छान काळी रेघ, इकडून तिकडे. आणि मग, खाला, मी काय केलं माहितीये? भिंतीखाली मापं लिहिली. वाटेच्या अलीकडचं माप, पलीकडचं माप, आणि खाली एकूण लांबी — फितीवर आली तीच. खोटं बोलायला गेले आणि आकडे खरे लिहून बसले! सवय, दुसरं काय. पहिल्या वर्षापासून हेच घोटून घेतलंय. उस्तादांनी पेन्सिल काढली, बेरीज केली. जुळेना, मधल्या वाटेएवढं कमी पडलं. दुसऱ्या घराची केली, तिथेही हातभराचाच फरक. मग चष्मा खाली आला. म्हणाले, एकदा चुकली असतीस तर गाढव म्हटलं असतं, सगळीकडे सारखंच चुकलीस, म्हणजे लपवते आहेस.

चुकले म्हणून मोकळी होऊ? तुम्हीही तेच म्हणणार! सुचलं नाही का मला? चुकले म्हटलं की दुसरी मुलगी पाठवतील, पुन्हा मोजायला, आणि ती बिचारी नियमाने सगळं काढेल. आणि उस्तादा बेर्रादा — त्या उजवीकडच्या, पांढऱ्या केसांच्या — त्यांना काय माहीत नाही? याच गल्ल्यांमधल्या गच्चीवर वाढल्यात. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग पेल्यात पुदिना ढवळत राहिल्या. एवढी मोठी बाई, एवढा मान, आणि पुदिना ढवळतेय!

अहो, ती वाट काय नुसती खमीर मागायला आहे? एक बाई आहे तिथे, तिचा नवरा भला माणूस, मशिदीत पहिल्या रांगेत, पण घरात हात उठला की — तेव्हा ती गालिचा सारून पलीकडे जाते, शेजारच्या सादियाकडे, आणि त्याचा राग उतरेपर्यंत तिथे मटार सोलत बसते. तो अख्खं घर पालथं घालतो, त्याला वाटतं माळ्यावर लपली. सादिया काही विचारत नाही, नुसती टोपली पुढे सरकवते. मी लहान असताना मलाही कडेवर घेऊन जायची, तोंडावर हात ठेवून, आईच्या हाताला साबणाचा वास —

एका बाईचं सांगत होते. माझं नाही. तुम्ही काही ऐकलं नाहीत.

खूण करतायत. बोलावलं. ही नकाशाची गुंडाळी धरा जरा, बाहेर येताना आतल्या भिंतीवरून मीच काढून आणली, मापं एवढ्या एकाच कागदावर आहेत. नाही, उलगडू नका. परातीखाली सरकवा. कुणी विचारलं तर मिठाईचा कागद. दार उघडंच ठेवते मी, ऐकू दे बाहेर.

— हो उस्ताद, विचार झाला माझा. चुकले नाही मी. फीत बरोबर होती, बेरीजही बरोबर होती. तिथे जे आहे ते मी पाहिलंय, आणि ते मी काढणार नाही. नकाशा परत घेतलाय, तुम्हाला मिळणार नाही. नियम माहीत आहे मला, ज्यांनी केला ते कधी त्या जिन्याने वर गेलेले नाहीत. पदवी नाही दिलीत तर नका देऊ. कोणती घरं, तेही सांगणार नाही. आणि दुसरी मुलगी पाठवायची असेल तर तिच्याआधी मी तिथे पोचेन, एकही बाई तिला जिना दाखवणार नाही. विचारा ना साहेब, तुम्हाला काय विचारायचंय? उस्ताद? बोला.

उस्तादा बेर्रादा, तुम्ही तरी?

मग अनसला आत पाठवते मी.