शनिवारी पोचलेलं तेल

घरपोच किराण्यात वेळ सांभाळली की झालं, असं मला वाटायचं. वारही सांभाळावा लागतो हे वडनेरच्या शांताकाकूंनी शिकवलं. त्यांची शुक्रवारची ऑर्डर, गाडी बिघडली म्हणून शनिवारी सकाळी घेऊन गेलो, तर दारातच त्यांनी हात आडवा केला.

"थांब! तेलाचा डबा आत आणू नको. शनवारी आमी तेल घरात घेत नाई."

"मंग वापस नेऊ काय, काकू?"

"वापस काऊन नेशीन? नवा जावई पहिल्यांदा जेवाले येऊन राह्यला. त्याले काय कोरडी भाकर वाढू?"

उशीर माझाच, म्हणून मी डबा धरून दाराबाहेरच थांबलो. काकूंनी सुनेला हाक मारली, "शेगडी अंगणात काढ वं, अन् कढई आण."

डबा अंगणातच फोडला. जावई यायच्या आत परातभर भजी तळून झाली आणि सून ती परात घेऊन घरात चालली. मला राहवलं नाही.

"काकू, तेच तेल आत चाललं की!"

काकूंनी एक गरम भजं माझ्या हातावर ठेवलं.

"खाऊन पाह्य. याले तेल म्हणते काय कोणी?"