चाचांचे दोन ठिपके

गाव आमचं शिरपूरच्या बाजूचं, बाई, इकडे सिल्वासाला आलो तो खडोलीच्या कारखान्यात कामाला, पण तिथे माझा जीव रमेना, म्हणून अथालच्या रस्त्यावर चाचांच्या गॅरेजात लागलो तो कायमचाच. तुमच्या नातवंडांना कळेल असं सांगतो. इंजिनात वर एक चक्र, खाली एक चक्र, दोन्हींना बांधणारा दातेरी पट्टा. चक्रांवर कंपनीची खूण असते, ती जुळलीच पाहिजे. दात चुकले की आतले वॉल्व पिस्टनवर आपटतात, इंजिन संपलं. चाचा जुळवून झालं की पांढऱ्या रंगाचे दोन-दोन ठिपके द्यायचे, चक्रावर दोन नि पट्ट्यावर दोन, शेजारी शेजारी. मी विचारलं दोन कशाला, तर म्हणाले, एक तो मक्खी भी देती है, म्हणजे एक डाग तर माशीचाही पडतो. आणि पहले हाथ से दो चक्कर, फिर चाबी. पुढे चाचा वारले, गॅरेज माझ्याकडे आलं.

मग सुरंगी गावच्या नर्सबाईंची गाडी आली, जुनी घेतलेली, पट्टा चिरलेला. दादा, आजच द्या हो, म्हणाल्या, माझ्या दोन बायांचे दिवस भरलेत, तिकडे दुसरी गाडी नाही. भर दुपारी झाकण काढलं आणि काय सांगू तुम्हाला, वरच्या चक्रावर दोन ठिपके, कंपनीच्या खुणेपासून तीन दात सरकलेले. म्हटलं, चाचा, तुम्ही चुकलात? नवा पट्टा कंपनीच्या खुणेवर बसवला, पान्याने फिरवला, अर्ध्यातच टक्. अडलं. ठिपक्यांवर बसवला, तर दोन फेरे अलगद. वरचं चक्र कुणी दुसऱ्याच इंजिनाचं लावलं असणार, म्हणून ती खूण खोटी.

इथवर ठीक होतं, बाई. जुना पट्टा टाकायला उचलला. त्यावरही तेच दोन ठिपके, आणि पाठीवर पट्टा बनल्याचं छापलेलं साल. त्या साली चाचा जाऊन दोन वर्षं झाली होती.

नर्सबाईंना विचारलं, हा पट्टा कुणी टाकला? त्या म्हणाल्या, मला काय माहीत, रंग काय बघत बसलात, चालू होते का सांगा. चालू झाली. त्याच संध्याकाळी एक बाळंतीण तिच्यातून दवाखान्यात पोचली, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

नव्या पट्ट्यावर मी खूण केली नाही, हात धजला नाही. आता त्याचेही किलोमीटर भरलेत, नर्सबाई फोन करतात, दादा, कधी आणू? म्हणतो, आणा या आठवड्यात. पट्टा कोरा निघाला तर बरंच. नाही निघाला तर, बाई, त्या ठिपक्यांवरच जुळवीन आणि गाडी देईन. सुरंगीच्या बाया थोड्याच थांबणार आहेत?