मां म्हणजे आई नव्हे

—थांब, जमनाला आत बोलवू नकोस अजून. आधी दार लोट. पुरतं लाव गं. हं. परवा तू काय म्हणालीस? पोरगी आईच्या आठवणीनं खंगलीय, पुढच्या वेळी सासूला जवळ बसू दे, म्हणजे तिला आधार वाटेल — तिथंच घोळ झाला, क्षितिजा. ती आईला हाक मारतच नव्हती. सिंधीत आईला अम्मा म्हणतात, अमड म्हणतात. 'मां' म्हणजे 'मी'. ती आपली 'मी... मी...' करत होती, पुढचा शब्दच फुटत नव्हता. आणि तू हिंदी कानांनी आई ऐकलीस.

तुला दोष नाही देत. पुण्याहून आलेल्या डॉक्टरला कुठून कळणार? मला तरी कुठं कळत होतं — मी इथलीच, इंद्रपुरीची, बाबा कारखान्यात, घरात वरणभात. लग्न होऊन बैरागढला सिंध्यांच्या घरी गेले, तर सासूबाई दिवसभर मां मां करायच्या. मला वाटायचं, बाई म्हातारी झाली तरी आईला विसरली नाही — इतकं कौतुक वाटायचं! मग भाषा आली आणि कळलं, सगळं 'मी'च होतं. मी ठरवते, मी बघते, मी सांगते ते ऐका. आमच्या घरात 'मी' एकच, बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

काय? परवाच का नाही बोलले? — दुभाष्यानं पदरचं काही घालायचं नाही, तूच शिकवलंस ना... हो, पळवाट आहे, कळतंय मला. खरं सांगू? बाहेर बाकावर जमनाच्या सासूशेजारी जांभळी ओढणी घेऊन बसल्यात ना, त्या आमच्या अम्मा, माझ्या सासूबाई. सेवा आहे म्हणून या कामाला हो म्हणाल्या, पण एकटीनं यायचं नाही. येता-जाता त्या बरोबर. जमनाची माणसं सिंधमधलं घरदार टाकून आली, त्यांना खोलीसुद्धा अम्मांनीच दिलीय. म्हणजे बघ, जमना इथं जे बोलेल ते तिच्या घरी पोचणार, आणि मी जे बोलेन ते माझ्या. आज सासू आत बसली ना, तर ती पोरगी पुन्हा कधी तोंड उघडायची नाही. म्हणून म्हणते, तू सांग — डॉक्टरचा नियम आहे, पेशंट एकटीच आत येणार. तुझं ऐकतील. माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस.

मला? मला काय हवंय? — हे काय विचारणं झालं! मला कोण विचारतं. पेशंटचं बोलणं सांगताना 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं, हाही तुझाच नियम. मग लोकांचं 'मी' कसं घडाघडा बोलते — मी घाबरले, मी पळाले, मला झोप नाही. जरा अडखळत नाही. आणि स्वतःचं काढलं की... कालच जेवताना म्हणायला गेले, इंद्रपुरी काय लांब आहे, एकाच गावात तर आहे, बाबांना बरं नाही, तर मी दोन दिवस... मी... सगळे घास थांबवून बघायला लागले, आणि मी आपली भाजी वाढली. क्षितिजा, मला त्या घरात—

हां अम्मा? या ना, या. नाही हो, काही नाही. आईचंच बोलत होतो. जमनाला तिच्या आईची फार आठवण येते ना, तेच सांगत होते डॉक्टरला.