हात दाखवला, रामराम झाला
फटफटीला मागून कुणी ठोकलं तर काय करावं, ते मला विचारा. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळायची मारामार, म्हणून कशेळ्याच्या उतारावर इंजिन बंद करून हळूहळू चाललो होतो. समोर म्हशी आडव्या आल्या. थांबतोय हे मागच्याला कळावं म्हणून हात वर केला, तर मागची बैलगाडी धाडकन आदळली. चाक वाकडं!

"अरे, हात दाखवला ना मी?"

"व्हय की," गाडीवान शांतपणे म्हणाला, "म्हणून तर मी रामराम घातला."

"आणि कासरा?"

"सोडला. एका हातानं रामराम बरा दिसत नाय, सायेब."

फटफटी त्याच्याच गाडीत घालून कर्जतला निघालो. वाटेत समोरून कुणीतरी हात वर केला. मी आधी कासरा धरला आणि गाडीवानाला म्हटलं, "हं, घाल आता."