वाटाण्याच्या मुळातला नवा आरएनए

इलिनॉयमधल्या पोस्टात प्रोफेसर लिंडक्विस्ट शोधनिबंधाचं पाकीट घेऊन रांगेत उभे होते. वाटाण्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी विभागत असतात, वर विभागणं थांबतं. आणि या वरच्या, थांबलेल्या पेशींत त्यांना एक नवाच ट्रान्सफर आरएनए, म्हणजे प्रथिनं जुळवायला मदत करणारा रेणू, सापडला होता. पुढे त्यांचेच दोन विद्यार्थी, व्हर्ना आणि ड्वाइट, पाठमोरे उभे होते.

"ड्वाइट, वाटाणे ब्लीचमध्ये किती वेळ ठेवलेस?"

"दहा मिनिटं. वहीत लिहिलंय."

"वहीचं नाही विचारलं."

"पोलिसात लागलीस का?"

"ब्लीचची बाटली मार्चपासून सीलबंद होती. काल मी फोडली."

"पाण्याने धुतले की! चांगले खळखळून."

"आणि जंतू? ते ब्लीचशिवाय मरतात?"

"राहिले असतील थोडे. त्यांनी काय बिघडतं?"

"बाबा रे, जंतूंचाही आरएनए असतो. मुळाचा वरचा, जुना भाग तर त्यांनी बरबटलेला. मग सरांचा नवा आरएनए वाटाण्याचा की जंतूंचा?"

"सरांना बोलू नकोस हं. महिनाभर शीळ घालत फिरतायत बिचारे."

"पुढचे!" खिडकीतून हाक आली. ड्वाइटने सहज मागे पाहिलं.

"अरे, सर! तुम्ही कधीपासून उभे आहात?"

"मार्चपासून," लिंडक्विस्ट म्हणाले आणि त्यांनी पाकीट कोटाच्या आत सरकवलं.