पाहुण्यांना वाढलेला पाटोडी रस्सा

त्या दिवशी ताई माझ्याबद्दल इंग्रजीत काय बोलली असेल गा? अजून कोणी सांगत नाही.

ती कॅनडात राहून मराठी आणि इंग्रजीत पुस्तकं लिहायची, इकडे कामठीत बायांचं शिवणकेंद्र चालवायची; तिथला सैपाक माझ्याकडे. केंद्राला मदत करणारे तिकडचे पाहुणे आले, तर मी त्यांना बेसनवड्यांचा जहाल सावजी पाटोडी रस्सा वाढला. सगळे डोळे पुसत बसले.

"काहून गा, यांची मदत बंद पाडतं का?" ताई ओरडली. मग पाहुण्यांशी काहीतरी बोलली आणि ते माझ्याकडे पाहून हसतच सुटले.

मी विचारलं तर म्हणे, "पुस्तकात वाच." पुस्तक इंग्रजीत!

मागच्या महिन्यात ताई वारली. परवा तेच पाहुणे आले. बायांसमोर अवघडून बसले, कोणी रडेना. मी तोच रस्सा केला, दुप्पट तिखट. सगळ्यांचे डोळे वाहायला लागले.

"लय तिखट झाला गा भाऊ," एक बाई म्हणाली.

मी तिला अजून वाढला.