मोटरीच्या डब्यावर काका

आमच्या तिसगावच्या काकांची हौस तुम्हाला माहीत नाही. गावात वाढदिवस कुणाचाही असो, फ्लेक्सवर काका असतातच.

त्यांच्या विहिरीच्या मोटरीसाठी मी घरीच डबा जुळवला. दोन दिवे, चालू-बंदची बटनं. वर चिकटवायचं स्टिकर छापायला निघालो, तर म्हणाले, "त्याच्यावर माझा फोटो पायजे. गॉगलवाला. लई मोठा!"

"काका, मग बटनांना जागा न्हाई उरायची."

"बटनं कुठंबी बसव की!"

बसवली. दिवे गॉगलच्या काचांवर आले, 'बंद'चं बटन बरोबर तोंडावर.

काका खूश. जन्मात विहिरीकडं न फिरकलेली काकू आता रोज स्वतः मोटर बंद करायला जाते. बटन एकदा दाबलं की मोटर थांबते. काकू दाबतच राहते.